कैदी पळाला, संशय तुरुंगाधिकाऱ्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या एखाद्या कारागृहातून कैदी पळाल्याची बातमी छापून आली की पुढचे काही आठवडे आमच्याकडे तेच ते प्रश्न येत राहतात. निलंबित शिपायाचे वडील विचारतात, पळालेल्याची आई विचारते, आणि ज्यांच्या फिर्यादीवरून तो आत गेला होता ते घाबरलेले लोकही विचारतात. प्रश्न लोकांच्या तोंडून आले तसेच ठेवले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत, म्हणून आपल्या प्रकरणाचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय पाऊल उचलू नका.

१. कैदी पळाला म्हणजे ड्युटीवरचा अधिकारी आपोआप गुन्हेगार ठरतो काय?

नाही. त्याने जाणूनबुजून मदत केली किंवा त्याच्या निष्काळजीपणामुळे कैद्याला वाट मिळाली, यातलं काहीतरी पुराव्याने सिद्ध व्हावं लागतं. तो त्या रात्री ड्युटीवर होता एवढंच पुरेसं नाही. पण चौकशीची सुरुवात ड्युटीवरच्या माणसापासूनच होते आणि निलंबनाचा आदेश बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत हातात पडतो. गावात मात्र त्या आदेशालाच निकाल समजतात. "पैसे खाल्ले असतील" हे वाक्य पारावर ठरून जातं आणि त्याच्या बायकोला किराणा दुकानात ऐकावं लागतं. निलंबन ही शिक्षा नाही, हे आधी घरच्यांनी समजून घ्यावं.

२. हलगर्जी आणि मदत यात कायदा फरक कसा करतो? शिक्षा किती?

सगळं प्रकरण या एकाच फरकावर उभं असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २६१ प्रमाणे लोकसेवकाच्या निष्काळजीपणामुळे कैदी निसटला तर दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा जामीनपात्र आहे.

जाणूनबुजून पळू दिलं किंवा पळायला मदत केली, तर कलम २५९ आणि २६० येतात. कैदी अजून खटल्याचा आरोपी असेल तर २५९. शिक्षा झालेला असेल, किंवा कायदेशीर आदेशाने कोठडीत पाठवलेला असेल, तर २६०. शिक्षा किती, हे पळालेला माणूस कोणत्या आरोपात किंवा शिक्षेत आत होता त्यावर ठरतं. फाशीची शिक्षा झालेल्याला सोडलं तर अधिकाऱ्याला जन्मठेपेपर्यंत होऊ शकते. जन्मठेपेच्या किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या कैद्यासाठी सात वर्षांपर्यंत, त्याखाली तीन वर्षांपर्यंत. पैसे घेतल्याचं निघालं तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ चं कलम ७ वेगळं लागतं, त्यात कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं.

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं लागतात: २२१, २२२ आणि २२३. एफआयआरवरची तारीख आणि कलम जुळतात का, हे पहिल्याच दिवशी पाहा.

३. संशय नेमका कशावरून घेतात?

रजिस्टरवरून. बाकी सगळं नंतर.

संध्याकाळी बराक बंद करताना कैद्यांना रांगेत बसवून गिनती होते. आकडा नोंदवहीत जातो, सर्कलचा (काही बराकींच्या एका विभागाचा) आकडा एकूण आकड्याशी जुळवला जातो, कुलपं लागतात, चाव्या जमा होतात आणि त्याचीही सही असते. रात्रीचा पहारा बदलताना येणारा आणि जाणारा दोघांची नोंद. मुख्य दारावरच्या वहीत आत-बाहेर गेलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ. तपास करणारा आधी या वह्या ताब्यात घेतो. रात्री दोनची फेरी नोंदवली आहे, पण तिची शाई आणि अक्षर बाराच्या आणि चारच्या फेरीसारखंच, एका दमात लिहिल्यासारखं दिसतं, तर प्रश्न तिथूनच सुरू होतात. फेरी मारलीच नाही आणि सकाळी एकदम सह्या केल्या, ही बऱ्याच ठिकाणची वाईट सवय आहे. कैदी पळाला नाही तोवर तिच्याकडे कोणी बघत नाही. पळाला की तीच सही खोट्या नोंदीचा वेगळा गुन्हा होऊन बसते.

त्यानंतर बाकीचं: कुलूप तोडलं की चावीने उघडलं, गज कापायला किती रात्री लागल्या असतील आणि त्या रात्रींत झडती कोणी घेतली, ड्युटी ऐन वेळी बदलून कोणी मागितली, कैद्याच्या नातेवाइकांशी फोनवर बोलणं झालं का, बँक खात्यात किंवा घरच्यांच्या खात्यात काही आलं का. ३१ मार्च २०१५ च्या पहाटे नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी पळाले, तेव्हाही गज कापल्याचं समोर आलं आणि नंतरच्या झडत्यांत आत मोबाइल सापडत गेले. गज एका रात्रीत कापला जात नाही. म्हणून अशा प्रकरणात फक्त त्या रात्रीच्या शिपायाला धरणं मला कधीच पटत नाही. आधीच्या रात्रींची झडती-वहीही तपासात आली पाहिजे, असा आग्रह धरा.

४. पळालेला सापडला आणि म्हणाला, "साहेबांनीच सोडलं." आता काय?

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २३ मध्ये तसं स्पष्ट आहे. मात्र त्या जबाबातून एखादी वस्तू सापडली, जसं लपवलेली चावी किंवा आणून दिलेला पाना, तर तेवढा भाग वापरता येतो. मॅजिस्ट्रेटसमोर दिलेला जबाब जास्त वजनाचा. तरीही सहआरोपीच्या शब्दावर एकट्याने कोणाला शिक्षा होऊ नये, त्याला दुसऱ्या पुराव्याची जोड हवी. तो माफीचा साक्षीदार झाला तर मात्र परिस्थिती गंभीर होते, वकिलाशी लगेच बोला. आणि विभागीय चौकशीत हे सगळे नियम इतके कडक लागत नाहीत (प्रश्न ६ पाहा).

५. आमच्या पोराले निलंबित केलं. नोकरी गेली काय? पगार बंद होते काय?

नोकरी गेली नाही. पगार थांबतो आणि त्याऐवजी निर्वाह भत्ता सुरू होतो. पहिले तीन महिने तो अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका असतो, त्यावर महागाई भत्ता. पुढे निलंबन लांबलं आणि उशीर कर्मचाऱ्यामुळे झाला नसेल तर भत्ता वाढवता येतो. उशीर त्याच्यामुळे झाला असेल तर कमीही करतात. भत्ता मिळायला दर महिन्याला "मी दुसरी नोकरी वा धंदा करत नाही" असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. घरची शेती असेल तर ती लपवू नका, लेखी कळवून ठेवा. आदेशात दिलेलं मुख्यालय, म्हणजे निलंबनकाळात राहायला ठरवून दिलेलं ठिकाण, परवानगीशिवाय सोडायचं नाही. पेरणीच्या दिवसांत गावी जाऊन राहिलेल्यांवर याच कारणाने दुसरी नोटीस निघालेली पाहिली आहे.

अटक होऊन ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला तर वेगळा निर्णय न घेताही तो निलंबित मानला जातो.

निलंबन किती दिवस? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजय कुमार चौधरी प्रकरणात सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र (नेमके आरोप सांगणारा कागद) दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये. राज्य शासनानेही २०१९ मध्ये त्यावर शासन निर्णय काढला. नव्वद दिवस उलटले आणि दोषारोपपत्र नाही, तर आधी विभागाकडे लेखी अर्ज करा. उत्तर आलं नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जा. त्याचं खंडपीठ नागपूरला आहे, मुंबईची वारी करावी लागत नाही.

६. कोर्टात केस आणि खात्याची चौकशी, दोन्ही एकदम? एकाच गोष्टीसाठी दोनदा शिक्षा कशी?

दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. न्यायालय गुन्हा पाहतं आणि पुरावा वाजवी संशयापलीकडे मागतं. विभाग सेवेतली वागणूक पाहतो आणि "घडलं असण्याची शक्यता जास्त" एवढ्यावर निर्णय देऊ शकतो. त्यामुळे संविधानातल्या दुहेरी शिक्षेविरुद्धच्या हमीला धक्का लागत नाही, असं न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे. पण दोन्हीकडे तेच साक्षीदार, तेच कागद आणि प्रश्न गुंतागुंतीचे असतील, तर विभागीय चौकशी काही काळ थांबवावी अशी मागणी करता येते. कॅप्टन एम. पॉल अँथनी (१९९९) या निकालाचा आधार त्यासाठी घेतात.

७. चौकशी अधिकारी म्हणतात, "या कागदावर सही कर, प्रकरण इथंच मिटवतो." करावी काय?

करू नये. "माझ्याकडून दुर्लक्ष झाले, पुन्हा होणार नाही" अशा दोन ओळींवर सही घेतात आणि महिन्याभराने तोच कागद दोषारोपपत्राला जोडून येतो. सही देणारे बहुतेक पंचवीस-तीस वर्षांचे शिपाई असतात. साहेबांना नाही म्हणायची सवय नसते आणि नोकरी वाचेल एवढीच आशा असते. याचा मला मनापासून संताप येतो.

जबाब लेखी मागा आणि लेखीच द्या, पोच घ्या, आपल्याकडे प्रत ठेवा. माहीत आहे तेवढंच लिहा. वेळ आठवत नसेल तर "आठवत नाही" लिहा, अंदाजाने आकडा टाकू नका. दोषारोपपत्र आल्यावर त्यात ज्या कागदांचा आधार घेतला आहे त्या सगळ्यांच्या प्रती मागायचा हक्क आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ च्या नियम ८ प्रमाणे आपली बाजू मांडायला दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याची मदत घेता येते. वकील मात्र सहसा मिळत नाही. विभागाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी वकील असेल किंवा शिस्तभंग प्राधिकाऱ्याने परवानगी दिली तरच. ती परवानगी लेखी मागा, नाकारली तर नकारही लेखी घ्या.

८. अटक होईलच काय?

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी साधारणपणे आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये ते आहे. नोटीस आली तर दिलेल्या वेळी हजर राहा, गैरहजेरीच अटकेचं कारण होते. जाणूनबुजून मदतीचा आरोप असेल तर अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात जाता येतं. फक्त निष्काळजीपणाचं कलम असेल तर त्याची गरज सहसा पडत नाही (प्रश्न २).

९. सरकारी माणसावर खटला भरायला सरकारची परवानगी लागते म्हणतात. मग तो सुटलाच की?

एवढं सोपं नाही. ते संरक्षण कर्तव्य बजावताना केलेल्या कामापुरतं आहे, आणि ज्यांना शासनाच्या मंजुरीनेच पदावरून दूर करता येतं अशांनाच आहे. शिपाई, हवालदार त्यात बसत नाहीत. शिवाय कैद्याला पळवणं हे कर्तव्याचा भाग होऊच शकत नाही. लाचेच्या खटल्यात मात्र मंजुरी सगळ्या लोकसेवकांसाठी लागते.

१०. एका माणसाकडं तीन बराकी होत्या. वरच्यांनी माणसं दिली नाहीत आणि आता सगळं खालच्यावर ढकललं.

हा बचाव खरा असेल तर फार मोलाचा आहे, पण तोंडी काही कामाचा नाही. त्या दिवसाचा ड्युटी तक्ता, मंजूर आणि हजर माणसांचा आकडा, बंद पडलेल्या कॅमेऱ्याबद्दल किंवा कमजोर गजाबद्दल आधी दिलेले अहवाल, हे सगळं चौकशीत मागवून घ्या. "टॉवरवर माणूस नाही" असं कोणी आधी लिहून दिलं असेल आणि वरून उत्तर आलं नसेल, तर जबाबदारीची दिशाच बदलते. कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांनी पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. ते जपून ठेवण्याचा अर्ज वकिलामार्फत पहिल्याच आठवड्यात न्यायालयात द्या. निर्दोष माणसाला वाचवणारी गोष्टही बरेचदा त्याच चित्रणात असते.

११. कैदी दवाखान्यातून किंवा कोर्टात नेताना पळाला तर जेलर जबाबदार काय?

बहुतेक वेळा नाही. कारागृहाबाहेरचा पहारा पोलीस मुख्यालयातून आलेली कैदी पार्टी करते. धारणीच्या कोर्टात तारीख असलेला न्यायबंदी (खटला चालू असलेला कैदी) अमरावतीहून निघतो, परतवाडा मागे टाकून मेळघाटचा घाट चढतो. या सगळ्या रस्त्यात तो पोलिसांच्या ताब्यात असतो. दारावर पार्टीप्रमुखाने सही करून कैदी ताब्यात घेतला की जबाबदारी हलली. म्हणून त्या सहीची वेळ महत्त्वाची.

अपवाद असा: गरज नसताना कैद्याला दवाखान्यात पाठवलं, किंवा तो पळून जाईल हे माहीत असून पार्टीला सांगितलं नाही, असा संशय असेल तर कारागृहातल्यांचीही चौकशी होते. पोलीस ठाण्याच्या लॉकअपमधून पळाला तर तो सर्वस्वी पोलिसांचा विषय.

१२. पॅरोलवर गेला आणि परत आलाच नाही. किंवा मोर्शीच्या खुल्या कारागृहातून निघून गेला. मग?

पॅरोल किंवा फर्लो या रजांवरून न परतणं हा त्या कैद्याचा गुन्हा आहे, सोडणाऱ्या अधिकाऱ्याचा नाही. रजा मंजूर करताना खोटा अहवाल जोडला असेल तरच अधिकारी अडचणीत येतो. खुल्या कारागृहाची कल्पनाच विश्वासावर उभी आहे. तिथे भिंत का नव्हती असा दोष कोणाला देता येत नाही, पण गिनती झाली का, गैरहजेरी कधी कळवली, हे पाहिलं जातं. कळवायला केलेला उशीर हीच तिथली खरी चूक ठरते.

१३. मदत करणारा स्वतःच कैदी होता, वॉर्डर म्हणून नेमलेला. त्याले काय लागते?

कारागृह अधिनियम, १८९४ च्या कलम २३ प्रमाणे कारागृहात अधिकारी म्हणून नेमलेला कैदीही लोकसेवक मानला जातो. म्हणून प्रश्न २ मधली लोकसेवकाची कलमं त्यालाही लागू शकतात. हे बऱ्याच वकिलांच्याही लक्षात येत नाही.

१४. त्यानं फक्त खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आणि मोबाइल आत जाऊ दिला. पळण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

तरी गुन्हा आहेच. बंदी असलेली वस्तू आत नेणं किंवा नेऊ देणं हा कारागृह अधिनियमाच्या कलम ४२ चा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. कलम ९ प्रमाणे कैद्याशी पैशाचा कुठलाही व्यवहार करता येत नाही. पण मोबाइल आत गेला म्हणून पळण्याच्या कटात सामील, असं सरळ म्हणता येणार नाही. तो मोबाइल पळण्यासाठी वापरला जाणार हे त्याला माहीत होतं, हे दाखवावं लागेल. खर्र्यासाठी घेतलेल्या शंभर रुपयांतून अशी ओळख सुरू होते आणि मग कैदी त्याच गोष्टीची धमकी देऊन मोठं काम सांगतो. अशा पेचात सापडला असाल तर वरिष्ठांना लेखी कळवा, रोज उशीर होतोय.

१५. सारख्या नावामुळे चुकीचा कैदी सोडला गेला. हे पळवणं झालं काय?

नाव, वडिलांचं नाव आणि गुन्हा क्रमांक न जुळवता सुटका केली असेल तर तो निष्काळजीपणा. रिलीज वॉरंटच (सुटकेचा आदेशच) बनावट होतं आणि अधिकाऱ्याला ते माहीत होतं, तर ती मदत. वॉरंट बनावट पण हुबेहूब असेल, आणि पडताळणी केल्याची नोंद असेल, तर अधिकारी सुटू शकतो. सुटलेल्या कैद्याने स्वतः काही फसवणूक केली नसेल तर त्याच्यावर पळाल्याचा गुन्हा टिकणं कठीण.

१६. पोरगा रात्री घरी आला. मी भाकर दिली. मले धरतील काय?

पळालेल्याला पकडलं जाऊ नये या हेतूने आसरा देणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २५३ खाली गुन्हा आहे, आणि आसऱ्यात अन्न, पैसे, कपडे, गाडी हे सगळं येतं. यातून सूट फक्त नवरा किंवा बायकोला आहे, आई-वडिलांना नाही. कायदा इथे कठोर आहे आणि आईला हे सांगणं सोपं नसतं. पण भाकर दिली एवढ्याने गुन्हा होत नाही, लपवण्याचा हेतू लागतो. सकाळी पोलीस पाटलाला किंवा ११२ वर कळवलं तर तुमच्यावरचा तो संशय बराच कमी होतो. वकिलासोबत त्याला हजर करणं हा त्याच्याही भल्याचा रस्ता आहे.

१७. आमच्याच केसमधला आरोपी पळाला. आम्ही साक्षीदार आहोत, शेतात जायची भीती वाटते.

ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे संरक्षण मागता येतं, अर्ज सरकारी वकिलामार्फत देता येतो. तातडीची भीती असेल तर अंतरिम संरक्षणाची मागणी त्याच अर्जात करा. तो गावात दिसला तर ११२. मारहाण करू नका, पकडलंच तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. अधिकाऱ्याच्या बाजूने आम्ही वर एवढं लिहिलं, पण कोणी खरोखर पैसे घेऊन दार उघडलं असेल तर त्याची किंमत तुमच्यासारखे लोक मोजतात. त्या तपासात तुमचा जबाब नोंदवावा अशी मागणी जरूर करा.

१८. माहितीच्या अधिकारात चौकशी अहवाल मिळेल काय?

तपास चालू असताना बहुधा नाही. त्यानंतरही कर्मचाऱ्याची विभागीय चौकशी वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. गिरीश देशपांडे प्रकरणाचा २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यासाठी दाखवतात, आणि ते प्रकरण अकोल्यातल्याच एका अधिकाऱ्याबद्दलचं होतं. ज्याची चौकशी आहे त्याला मात्र अहवालाची प्रत मिळालीच पाहिजे.

१९. कोर्टातून निर्दोष सुटला. नोकरी परत? आणि मधेच निवृत्त झाला तर?

निर्दोष सुटला तरी विभाग आपली चौकशी पूर्ण करू शकतो (प्रश्न ६). मात्र पुरावाच नाही म्हणून सन्मानाने सुटला असेल तर पुनर्स्थापनेचा आणि निलंबनकाळ कामाचा धरण्याचा दावा भक्कम होतो. उलट न्यायालयात दोषी ठरला तर पूर्ण चौकशी न करताही बडतर्फ करता येतं, संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्ये तशी तरतूद आहे. आधीपासून चालू असलेली चौकशी निवृत्तीनंतरही चालू राहते. निवृत्तीनंतर नव्याने सुरू करायची तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी नसावी लागते. तोवर तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळतं, उपदान (ग्रॅच्युइटी) अडकून राहतं.

२०. वकिलाले द्यायला पैसे नाहीत.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला विधी सेवा समिती. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा लागते. निलंबित कर्मचाऱ्याने निर्वाह भत्त्याचा कागद सोबत न्यावा. मदत क्रमांक १५१००. जाताना निलंबन आदेश, एफआयआरची प्रत आणि आलेली प्रत्येक नोटीस तारखेच्या क्रमाने लावून न्या.